द्वारकाबाईंच्या पदराची गाठ

६ जून
मिळाली! पहिली केस! तुकोगंजच्या कर्ज-सल्ला केंद्रात इतके दिवस नुसत्या फायली लावल्या, आज शिखा मॅडम म्हणाल्या, “काकू, द्वारकाबाई आता तुमच्या.” बड़ा गणपतीजवळ शिवणकाम करतात. कर्जवाल्या कंपनीनं दोन महिने हप्ते थांबवले — फोन नाही, वसुलीवाला नाही. अट एकच, नवीन उधारी नको. केली तर ते कळवायचं कामही माझंच!
आनंदात कपाट उघडलं. यांनी शेवटच्या दिवाळीला आणलेलं जांभळं ब्लाउजचं कापड काढलं. परत ठेवलं.

९ जून
द्वारकाबाई फोनकडे बघत बसलेल्या. “बाई, दिवसभर कोणी शिवी दिली नाही! करमत नाही हो!” दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.
यांच्या खाटेशी शेवटपर्यंत वसुलीवाल्यांचा फोन वाजत होता. असं थांबवता येतं, हे कोणी सांगितलंच नाही.

३ जुलै
बिल थकलं म्हणून द्वारकाबाईंची लाइट कापायला माणूस आला! लाइट गेली तर मशीन बंद. मी पर्समधून आठशे दिले. “फुकट नको हं,” म्हणाल्या आणि पदराला गाठ मारली. “फिटेपर्यंत सुटायची नाही.” काय छान वाटलं!

४ जुलै
मूर्ख मी! चहाबरोबर अटींचा कागद पुन्हा वाचत होते — काहीतरी वाचल्याशिवाय मला चहा जात नाही — आणि कप हातातच राहिला. ही नवीन उधारी! देणारी कोण? मीच!
शिखा मॅडमना सांगितलं. “काकू, ये क्या किया आपने! परवाच्या तपासणीआधी मिटवा, नाही तर हप्ते पुन्हा सुरू. आणि केस तुमच्याकडून जाणारच.”
धावत गेले. “सोडा ती गाठ. पैसे विसरा.”
“मी भीक मागते काय?” भडकल्याच!
तशीच घरी पळाले, जांभळं कापड घेऊन परत. “शिवा. मजुरी आठशे.”
“आठशे? लुटायला बसलेय का मी? अस्तर लावून देते. वर चार साड्या आणा, फॉल-पिको करते. तेव्हा फिटतील.”
मशीन सुरू झालं. दारातच उभी राहून ऐकलं.

६ जुलै
हप्ते थांबलेलेच राहिले! केस दुसऱ्या सल्लागाराकडे गेली. शेवटची साडी हातात देऊन गाठ त्यांनी कालच माझ्यासमोर सोडली होती.
जांभळा ब्लाउज घातला. आरशात बघून यांना म्हटलं — बसला हो अंगाला!