आब्दिएल घरी राहायला आलाय

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९

लाडक्या निदियेस तिच्या आईचा पोटभर आशीर्वाद.

सांता लिब्रादा माउलीच्या कृपेने मी बरी आहे, एक गुडघा सोडला तर. तिकडे राजधानीत तुझ्या मालकिणीकडे सगळं ठीक असेल आणि तिच्या कुत्र्याने तुझ्या पायांचा नाद सोडला असेल, असं धरून चालते. अक्षर लावून वाच पोरी. चष्मा शिवणाच्या टोपलीखाली चेपला, एकच काच शाबूत आहे.

आता बातमी. आब्दिएल माझ्याकडे राहायला आलाय! बेसबॉलच्या हंगामात सगळ्या खेळाडूंना शाळेच्या वर्गात निजवतात, पण तुझ्या लेकाने मॉन्चोकडून परवानगी काढली. मॉन्चो म्हणजे खिळ्या-पत्र्यांच्या दुकानाचा मॉन्चो, यंदा आपल्या प्रांताचा संघ तोच सांभाळतो. पोरगा पिशवी घेऊन दारात उभा. म्हणाला, "आजी, शाळेतल्या खाटेवर पाठ मोडते. तुझ्या मागच्या कुंपणापलीकडेच मैदान आहे. ठेवून घेशील?" ठेवून घेशील म्हणे! मी तिथल्या तिथे कोंबडी धरली. ती पांढरी, अंडी न देणारी.

संघाचे हाल तू रेडिओवर ऐकतच असशील. चेंडू फेकायला माणूस उरला नाही. थोरल्या एव्हेलिओचा खांदा सुरुवातीलाच गेला. तो पाण्याच्या टाकीजवळ राहणारा डावखुरा, तो नाचून परतताना गटारात पडला आणि घोटा सुजवून बसला. तिसऱ्याच्या बोटावर चेंडू आदळला, नख काळंनिळं. बदली आणलेले असे फेकतात की समोरचे आधी हसतात आणि मग मारतात. सगळा भार आपल्या आब्दिएलवर. पूर्वी एकदा फेकलं की आठवडाभर विसावा घ्यायचा, आता विसाव्याचं नाव काढायची सोय नाही. हरत हरतच चाललोय, पण काल जिंकलो आणि आख्खा सामना त्याने एकट्याने ओढला. शेजारची चाबेला कुंपणावरून ओरडली, "दिओसेलिना, नातवाच्या हाताला तेलपाणी केलंस की काय?" मी म्हटलं, "तुझ्या जिभेला लावून उरलं होतं, तेच वापरलं."

आणि लाड किती करून घेतोय म्हणून सांगू! सकाळी स्टूल ओढून माझ्यापुढे बसतो. "आजी, तूच विंचर, तुझ्या हाताचा भांग नीट बसतो." तेवीस वर्षांचा घोडा! शर्टाची बटणं मी लावते. ताटातलं मांस मी बारीक करून देते. लहानपणी अंगाला हात लावू द्यायचा नाही, तुला आठवतं ना? आंघोळीला धरलं की फणसासारखं अंग काटेरी करायचा. आता तासभर बस म्हटलं तरी बसतो. मी मुद्दाम हळू विंचरते.

खोलीत कसल्याशा मलमाचा वास असतो, सापाच्या चरबीचं असावं. मी विचारलं तर म्हणाला डासांसाठी. डास आहेत खरे यंदा.

काळजीसारखं काही नाही. घरात माणसाचा आवाज आहे, एवढंच कळवायचं होतं.

तुझी आई
दिओसेलिना


गुरुवार, १ मार्च

निदिये, पोरी, आशीर्वाद.

काल राखेचा बुधवार झाला, उपासाच्या आरंभाची चर्चमध्ये लावलेली राख अजून कपाळावर आहे, पुसली नाही. त्याआधी कार्निव्हलच्या दिवसांत सामने बंद होते. आपल्या वरच्या गल्लीची कार्निव्हलची राणी यंदा फार सुंदर होती, तिच्याशी चुरस करणारी खालच्या गल्लीची जरा जाडच. चाबेला खालच्या गल्लीच्या बाजूची असल्यामुळे आम्ही चार दिवस एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. आज साखर मागायला आली तेव्हा बोलणं सुरू झालं. राणीच्या घागऱ्याची एक झालर मी शिवलेली होती. कुणाला सांगू नकोस, एका जागी टाका चुकला होता. नाचताना कुणाच्या ध्यानात येतंय!

तू विचारलंस की रेडिओवाला म्हणतो आब्दिएलचे चेंडू मंदावलेत, तर हात दुखतो का. रेडिओवाल्याला काय कळतं? सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस डुकरांचे भाव सांगायचा.

पपई भरपूर लागलीय.

मॉन्चो आला होता घरी. हातात टोपी आणि कागदात गुंडाळलेलं चीज. खुर्चीवर बसला नाही, दाराशीच उभा. म्हणाला, "दिओसेलिनाबाई, तुम्हीच सांगा. पोरगा झोपतो ना नीट? हाताची काही तक्रार करतो का? तुम्ही सांगाल तेच मी धरीन." आब्दिएल त्याच्या मागे अंगणात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, निदिये, लहानपणी पेरू चोरून आणल्यावर बघायचा ना, तसं. मी म्हटलं, "झोपतो? आमचा कोंबडा त्याच्या घोरण्याने उठतो!" मॉन्चो थोडा वेळ टोपी फिरवत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. चीज चांगलं होतं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. कोपर सुजलंय. उजवं. काल पाण्याचा मग त्याच्या हातून आपोआप सुटला. तो काही बोलायच्या आत मीच म्हटलं, हा मेला मग निसरडा झालाय. तोही म्हणाला, हो आजी, निसरडाच. आणि आम्ही दोघांनी मिळून पाणी पुसलं.

कोपराच्या आतली शीर तुटली की माणूस फेकण्यातून उठतो, हे इथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. आणि आपल्या पोराला दुसरं येतं काय? गाईंचं दूध काढणं, तेही त्याच हाताने. सगळं कळतंय मला. पण तो रोज "आजी, आणखी थोडेच सामने" असं स्वतःशीच बोलल्यासारखं बोलतो, आणि पुढ्यात बसतो. तुला आधी कळवलं असतं तर पहिल्या बसने येऊन त्याला डॉक्टरकडे राजधानीत नेलं असतंस. मग मी इथे कुणाशी बोलले असते, कोंबड्यांशी?

तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण हंगाम संपल्यावर ये.

आई


मंगळवार, २० मार्च

निदिये,

रेडिओवर ऐकलं असशीलच. तरी माझ्याकडून ऐक.

रविवारचा सामना जिंकलो असतो तर पुढे गेलो असतो, हरलो तर घरी. मैदान असं भरलेलं की पोरं माझ्या आंब्यावर चढून बसली. सकाळी शर्ट घालताना आब्दिएलने ओठ चावला आणि ओठातून रक्त आलं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. चप्पल घालायलाही थांबले नाही, तशीच कुंपण वळून मॉन्चोला गाठलं. म्हटलं, "मॉन्चो, मी खोटं बोलले. पोराचा हात गेलाय. नको उतरवूस त्याला."

मॉन्चो खाली बघत म्हणाला, "बाई, मला ठाऊक आहे. त्या दिवशी आलो तेव्हाही ठाऊक होतं."

"मग विचारलंस कशाला रे मेल्या?"

"तुम्ही नको म्हणाल म्हणून. बाकी फेकायला कुणी नाही, मी त्याला बाहेर बसवला असता तर गावाने माझं दुकान जाळलं असतं. पण त्याची आजी नको म्हणते म्हटल्यावर कुणाची बोलायची हिंमत होती? म्हणून आलो होतो. आणि तुम्ही घोरण्याच्या गोष्टी सांगितल्या."

मी म्हटलं, "आता म्हणते. नको."

त्याने फक्त हनुवटीने मैदानाकडे दाखवलं. आब्दिएल मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा होता आणि सगळं गाव त्याचं नाव घेऊन ओरडत होतं. आमची चाबेला, खालच्या गल्लीची, तीसुद्धा. मी जाळीला धरून हाका मारल्या. त्याला वाटलं मी पण त्यांच्यातलीच, हसून हात हलवला. डावा.

पाचव्या डावापर्यंत त्याने कुणाला धाव काढू दिली नाही. मी देवाला म्हटलं, कदाचित. लाज वाटते लिहायला, पण मी टाळ्याही वाजवल्या. मग एक चेंडू त्याच्या हातातून गेलाच नाही, पायाशी पडला. तो मातीत गुडघ्यावर बसला, उजवा हात पोटाशी धरून. नंतर आलेल्यांनी सामना घालवला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, असं आज सगळे म्हणतात.

जिल्ह्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, शीर हाडापासून सुटलीय, असलं काम इथे होत नाही. जेवेल, सही करेल. फेकणार नाही. दूध काढण्याचं विचारलं तर म्हणाला, बघू.

काल मी त्याच्या खाटेशी बसले होते. तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "आजी, तुला कळत होतं ना सगळं?"

म्हटलं, "हो."

"मला वाटायचं तुला कळत नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मग बोलली का नाहीस?"

मॉन्चोचं सांगता आलं असतं. गावाचं सांगता आलं असतं. त्याने स्वतः डोळ्यांनी विनवलं होतं, तेही सांगता आलं असतं. माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "तू घरात होतास रे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पाणी मागितलं. मी पेला त्याच्या ओठांना लावायला गेले, तर म्हणाला, "राहू दे, आजी." डाव्या हाताने पेला घेतला. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं, पण स्वतःच प्यायला.

तर निदिये, आता ये. पहिल्या बसने ये आणि त्याला घेऊन जा, राजधानीत मोठे डॉक्टर असतील. त्याचे कपडे मी धुऊन, घड्या घालून ठेवलेत. मी अडवणार नाही. मी तिकडच्या दवाखान्यातही येणार नाही, त्याने बोलावलं तरच येईन.

त्याला दुखत होतं त्या दिवसांत फार सुखात असलेली,

तुझी आई