अंगणातली दोरी

१४ ऑक्टोबर

ताई, पाया पडतो. दाजींनाही नमस्कार सांग.

माझं ठीक चाललंय. कंबर धरते, पण विमानाच्या पोटाखाली वाकणं हाच धंदा असल्यावर कुरकुर कुणाकडे करायची? थंडी सुरू झालीय. तू पाठवलेला स्वेटर घालतो.

दाजींची चिठ्ठी आली. ते लिहितात, तू अंगणातली कपड्यांची दोरी सोडून ठेवलीस, ओले कपडे घरात खुर्च्यांवर वाळत घालतेस आणि विचारलं तर अंगावर धावून जातेस.

तुझा ढब्याच म्हणाला होता ना, "आई, माझं विमान सरळ खाली उतरतं, धावपट्टी लागत नाही. एक दिवस तुझ्या अंगणात उतरवतो, तेवढी दोरी काढून ठेव." आणि मी, विमानांचा मिस्त्री, शेजारी बसून मान डोलावली. अगं, उतरतं ते. पण टाकीत इंधन असलं तर. तो परतला नाही, त्याच संध्याकाळी त्याचं संपलं असणार.

हे लिहायचं नव्हतं. थंडीचंच लिहिणार होतो.

काल साहेबांनी बोलावलं. ढब्या डोंगरापलीकडे शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायला गेला होता, तसंच दुसरं विमान आता त्याला शोधत फोटो काढतंय. एका फोटोत उतारावर पडलेलं विमान आहे, शेपटीकडून जळालेलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, तिकडे आपली आणखीही पडलीत. हे त्याचंच का?"

मी भिंग लावलं. त्याच्या उजव्या पंखाला मीच पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. रंग जुळला नाही म्हणून तो चिडवायचा, "मामा, आई माझ्या चड्डीला यापेक्षा बरं लावायची." ते ठिगळ दिसलं. आणि बैठकीवरचं काचेचं झाकण बंद होतं, ताई. उडी मारली असती तर ते जागेवर राहिलं नसतं.

मी म्हणालो, "नीट दिसत नाही, साहेब."

म्हणून आज पुन्हा एक पोरगा शोधायला गेला, ढब्याच्या खोलीत राहणारा. विमानाला गोळ्यांची भोकं घेऊन परतला. उतरल्यावर मलाच म्हणाला, "मामा, धीर सोडू नका. उद्या आणखी खालून जातो." मनात आलं, जाऊ दे, याचं काहीही होवो, शोध थांबायला नको. दुसऱ्याच्या लेकराबद्दल असं आलं माझ्या मनात. स्वतःचीच किळस आली.

उद्या तो निघायच्या आधी साहेबांना खरं सांगणार आहे. मग कुणी शोधायला जाणार नाही. तुला हे सरकारी तारेतून कळू नये, म्हणून आधी लिहितोय; ही चिठ्ठी पोचेपर्यंत तार थांबवा, असंही साहेबांना सांगेन. मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

दोरी बांध, ताई. तुझ्याने होत नसेल तर राहू दे, मी येऊन बांधतो.

ढब्याचा मामा