विमलाच्या राक्षसांचे प्रकाशन

मंगळवार पेठ, कोल्हापूर
फेब्रुवारी १९७३

ती. सौ. माईस,

बंडूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हटले खरे, पण आठांपैकी उजवा गुडघा सध्या रजेवर आहे. तो का, ते पुढे येईलच.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला गेला, की गगनबावड्याच्या धुक्यात तो कायमचा राहायला आलाय? इकडे आम्ही सगळे खुशाल. अप्पांची प्रकृती उत्तम आहे, हवी त्यापेक्षा जरा जास्तच उत्तम आहे. कमरेमुळे तुला विमलाच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला येता आले नाही याची तिला फार हळहळ वाटली, म्हणून गेल्या रविवारी जे जे घडले ते सगळे लिहितो. बसून वाच. हसताना कमरेला जप.

पुस्तकाचे नाव 'राक्षस येण्यापूर्वी'. विमलाचे वडील गणपतराव इथल्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवीत आणि भुताखेतांच्या बोलपटांत किंचाळ्यांच्या आधीची सुरावट त्यांचीच असे. लहानपणी विमला त्यांच्या मांडीशी बसून ते सगळे ऐकायची. इतर मुलींना वडिलांनी अंगाई ऐकवली, हिला तळघराचे दार उघडताना वाजायचे सूर ऐकवले. पुढे देशी, विलायती असा एकही राक्षसपट तिने सोडला नाही. (लग्नानंतर आम्ही पाहिलेला पहिला बोलपट कोणता, ते तुला सांगितले होते. पट्ट्या गुंडाळलेले प्रेत शवपेटीतून उठते तेव्हा मी बाहेर चहा प्यायला गेलो होतो, हेही सांगितले होते.) जुन्या वादकांच्या घरी खेपा घालून तिने हे पुस्तक लिहिले. कुणी फुटक्या वाट्यांचा जलतरंग लावला, कुणी रिकाम्या घागरीत तोंड घालून घुमवले, कुणी करवतीवर व्हायोलिनचा गज फिरवला, हे सगळे त्यात आहे. तिचे म्हणणे असे, की राक्षस दिसला की भीती निम्मी होते. खरा घाबरवतो तो पेटीवाला.

आता अप्पा. आपल्या घरातून आजवर एकच पुस्तक निघाले, ते अप्पांचे, संधी आणि समासांवर. त्यानंतर एकदम राक्षस, हे त्यांना काही केल्या पचेना. विमलाने पहिली प्रत त्यांच्या खुर्चीजवळ ठेवली, तर त्यांनी त्या प्रतीवर चहाची किटली ठेवली. प्रकाशनाला येणार नाही म्हणून सांगितले आणि वर्तमानपत्र उघडले. त्या दिवशी विमलाच्या आमटीत दोनदा मीठ पडले. मला एवढेच म्हणाली, "अप्पा आले नाहीत तरी मी पुस्तकातले सूर पेटीवर वाजवीन. पण त्यांच्यासाठीच वाजवायचं होतं."

त्यातून जागेची पंचाईत. ज्या सभागृहात आम्ही विचारले, तिथल्या चिटणीसांनी राक्षस हा साहित्याचा विषय नाही असे कळवले. (स्वतः चिटणीस मात्र दर शुक्रवारी पहिल्या खेळाला रांगेत असतात.) शेवटी आपल्या घराच्या मागच्या तालमीचे हंबीरराव धावून आले. म्हणाले, "वहिनी, पुस्तक काय आपण वाचलेलं न्हाय, पण राक्षस समदे बघितल्यात. आमची तालीम तुमचीच हाय की." अट एकच, राक्षसांचे पुस्तक आहे तर कार्यक्रमात राक्षस पाहिजे. त्याचीही सोय त्यांनी आपल्या मनानेच केली होती. उचगावचा केरबा म्हणून एक पैलवान आहे. दारातून येताना त्याला वाकावे लागते आणि चौकट अरुंद असेल तर तिरके व्हावे लागते. त्याला काळे घोंगडे, तोंडाला काजळ आणि डोक्याला म्हशीची शिंगे असा साज ठरला. विमलाने पेटी वाजवायची, ती थांबली की केरबाने पडद्यामागून बाहेर यायचे. केरबाने जन्मात एकही राक्षसपट पाहिलेला नाही, हे विचारायचे कुणालाच सुचले नाही.

रविवारी दुपारी आखाड्याच्या काठावर फळ्या टाकून व्यासपीठ केले. समोर जाजमावर अर्धी पेठ बसली होती. अध्यक्ष पुण्याचे एक प्राध्यापक. (नाव लिहीत नाही. ते अजून आपल्यावर रागावलेले आहेत.) त्यांनी पुस्तक चाळले होते, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. ते म्हणाले, संगीताने मनाची उन्नती व्हावी. कर्कश आवाजाला दचकणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, सुशिक्षित मनुष्य अशा संगीताने हलत नसतो. हे त्यांनी पुष्कळ वेळ सांगितले. पहिल्या ओळीतले दोन पैलवान एकमेकांच्या खांद्यावर झोपले.

मग विमला उठली. भाषण वगैरे काही नाही. तिने खिडक्या लावायला सांगितल्या, दिवे घालवले आणि पायपेटीवर बसली. ती शिकवते त्या शाळेतली विद्यार्थिनी नंदिनी सुताराची करवत गुडघ्यात धरून गज घेऊन शेजारी बसली. विमलाने खालच्या पट्टीत दोनच सूर धरले. एक धरायचा, सोडायचा, दुसरा धरायचा, जसे कुणी जड पावलाने जिना चढते आहे. मग करवत रडायला लागली. माई, मी तिचा नवरा, हे सूर रोज स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकतो, तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. सबंध तालमीत कुणी हलेना. सूर चढत चढत वर आले, आणि विमला थांबायच्या आधीच पडदा फाटला.

आत अंधारात एकटा उभा राहून ऐकणारा केरबा इतका भ्याला होता, की वाट दिसेल तिकडे सुटला. वाट पडद्यातून होती. शिंगे, घोंगडे आणि काजळ यांसह तो व्यासपीठावर आला, अध्यक्षांच्या टेबलावरून उडी मारून जाजमावर आणि तिथून थेट दाराबाहेर गेला. लोक उठले ते एकमेकांच्या अंगावरच. सुशिक्षित प्राध्यापक व्यासपीठावरून जे हलले ते आखाड्यात जाऊन पडले. (माती नुकतीच ताक-हळद घालून मऊ केलेली होती, म्हणून लागले काही नाही. बाहेर आले ते मात्र आत गेले त्या रंगाचे नव्हते.) मी दिवा लावायला धावलो आणि कोपऱ्यातल्या गदेला अडखळलो. गुडघ्याची हकिगत ती एवढीच. विमला पेटीवर तशीच बसून होती. तिला वाटले, सगळे संपले.

केरबा धावत सुटला तो समोर पहिले उघडे दार दिसले त्यात शिरला. ते आपले होते. अप्पा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. पुढचे मी त्या दोघांकडूनच ऐकले. राक्षस आत आला, त्याने आतून दार लोटले आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, कडी घाला आदी. तालमीत भूत शिरलंय."

अप्पांनी चष्म्यावरून त्याला पाहिले. नाव-गाव विचारले. मग विचारले, की भूत तू डोळ्यांनी पाहिलेस का?

"न्हाय की," केरबा म्हणाला. "नुस्तं ऐकलं."

अप्पांनी म्हणे वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठले, कोट चढवला, टोपी घातली, राक्षसाच्या हाताला धरले आणि निघाले.

इकडे लोक चपला शोधत होते. तेवढ्यात दारात अप्पा आणि त्यांच्यामागे मान खाली घातलेला केरबा. सगळे होते तिथे बसले. अप्पा पहिल्या ओळीत जाऊन बसले, केरबाला शेजारी बसवले, आणि विमलाला म्हणाले, मघाशी जे वाजवलेस ते पुन्हा वाजव, या वेळी शेवटपर्यंत. तिने वाजवले. खिडक्या उघड्या होत्या, लख्ख ऊन होते, राक्षस समोर बसून नाक पुसत होता, तरी तालमीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सूर थांबले. अप्पांनी टोपी काढून कपाळ पुसले. उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माझं पुस्तक वाचून आजवर कुणी पळालेलं नाही. सूनबाई, तू जिंकलीस."

विमला रडायला लागली. नंदिनी रडायला लागली. केरबा तर आधीपासूनच रडत होता. हंबीररावांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून विमलाला बांधला, हलग्या काढल्या, आणि पेठेतून मिरवणूक निघाली. पुढे फेटेवाली लेखिका, मागे खांद्यावर पायपेटी घेतलेला शिंगवाला केरबा, आणि मध्ये अप्पा, हलगीच्या ठेक्यावर काठी आपटत. गॅलऱ्यांतून बायका चिरमुरे उधळत होत्या. सगळ्या प्रती संध्याकाळच्या आत संपल्या, छापखान्यात पुन्हा छपाई चालू आहे. किटलीखालची प्रत अप्पांनी दोनदा वाचून काढली. विमला दिवसभर गुणगुणत असते. (काय गुणगुणते ते विचारू नकोस, मांजर घर सोडून गेले आहे.)

दाजींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू

ता. क. खरे तर हे पत्र लिहायला घेतले ते निराळ्याच कारणाने. उचगावच्या जत्रेत हाच कार्यक्रम पुन्हा ठरला आहे. केरबा आता श्रोत्यांत बसणार म्हणतो, त्यामुळे राक्षसाची जागा रिकामी आहे, आणि ती अप्पांनी मागितली आहे. शिंगे त्यांच्या मापाची करून झाली. पहाटे परसात आरोळीचा सराव चालतो. परवा गवळ्याच्या हातून दुधाची किटली सुटली. काल शेजारची तानाबाई, परसात भूत आले समजून, शांती करण्यासाठी भटजींना विचारून आली. माझे ते ऐकत नाहीत, विमला तर त्यांच्याच बाजूची आहे. तू त्यांची लाडकी. या वयात हे शोभत नाही, असे चार शब्द खरमरीत लिहून कळव.

दु. ता. क. चि. माईस अप्पांचे अनेक आशीर्वाद. बंडूने हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिले, म्हणून वाचले. शुद्धलेखन सुधारले आहे, मजकूर तसाच ठेवला आहे. तू खरमरीत लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस. कंबर बरी झाली की जत्रेला ये, आणि येताना रानातला मध बरणीभर आण. माझी आरोळी वरच्या पट्टीत अजून फाटते. विमला म्हणते, घसा सांभाळला तर माणसे नक्की पळतील.