मंजुलिकेची मिळमिळीत कासुंदी

२८ एप्रिल, सकाळी
रोजनिशी सुरू. विषय एकच, चव. अख्ख्या चंदननगरात ती माझ्याखेरीज कुणाला उरलेली नाही. शेजारचा ननीगोपाल माशाच्या चॉपवर टोमॅटो सॉस ओततो आणि स्वतःला बंगाली म्हणवतो. मुलीने परदेशातून मोहरीची बाटली आणली होती, ती चाखली. खोकल्याचं औषध बरं.

३ मे
जेवताना बायकोला, मंजुलिकेला स्पष्ट सांगितलं, मडक्यात मुरवलेली मोहरीची चटणी, गेल्या वर्षीची तुझी कासुंदी, मिळमिळीत होती. मोहरी कशी, पहिल्या घासाला नाकातून थेट टाळूला झिणझिण्या. ती म्हणाली, डॉक्टरांनी तुम्हाला तिखट बंद केलंय. डॉक्टर स्वतः उकडलेली पपई खातो. त्याला काय विचारायचं.

१० मे, अक्षय तृतीया
पहाटेपासून घरात बायकांचं राज्य. मंजुलिका आणि तिची बहीण गंगेवर मोहरी धुवून ओलेत्याने परत आल्या. मला ओसरीवर बसवलं. मोहरी वाळणार, कांडणार, मग उकळून आटवलेलं मिठाचं पाणी, नवं मडकं, तोंडाला पांढरं फडकं, आणि गच्चीवरचं ऊन. आंघोळीशिवाय मडक्याला कुणी शिवायचं नाही, पुरुषाने तर मुळीच नाही. आणि कासुंदी नासली तर त्या घरात बारा वर्षं कासुंदी करायची नाही. हा तिच्या माहेरचा कायदा. मी हसलो. नगरपालिकेच्या पाणीखात्यात उभा जन्म काढलेला माणूस मी. मला विज्ञान कळतं.

१५ मे
जामाईषष्ठीला, जावयाच्या सणाला, लेक-जावई येणार. जावई अर्घ्य हिलसा माशावरही सॉस घेतो. लग्नात ही गोष्ट लपवली होती. प्लॅन ठरला. यंदा त्याला अशी कासुंदी वाढायची की पानावर ढसाढसा रडला पाहिजे. मग सॉसचं नाव काढणार नाही.

१७ मे, सकाळी अकरा
मंजुलिका बहिणीकडे. मी मासळीबाजारातून आलो तो थेट गच्चीवर. हात धुतले असावेत. मडक्याचं फडकं सोडून बोटाने चाखून पाहिलं. भीती होती तेच, मिळमिळीत. वाटीभर काळी मोहरी आणि मूठभर मिरच्या मिक्सरमधून काढून घातल्या. फार घट्ट झालं, म्हणून पेलाभर नळाचं पाणी. आमच्याच खात्याचं, शंकेला जागा नाही. भाताच्या डावाने ढवळलं. फडकं पुन्हा बांधलं. गाठ तिच्यापेक्षा सुबक बसली.

२३ मे
गच्चीवर वास येतो. जिवंत कासुंदीला वास असतोच. ननीगोपालने गटार तुंबलंय का विचारलं. सॉस खाणाऱ्याचं नाक ते.

२७ मे
मंजुलिकेने मडकं उघडलं. वर हिरवट बुरशी. ती तिथेच, तापल्या गच्चीवर बसून राहिली. नंतर फोनवर बहिणीला सांगत होती, "माझ्या हातची चव आता गेली गं. आईने दिलेली एकच गोष्ट होती, तीही मी घालवली." मी जिन्यात होतो. उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगून टाकायचं. निश्चय पक्का.

२८ मे
चहा पाणचट होता. अशा चहावर महत्त्वाचं बोलता येत नाही.

२ जून
तिने मडकं गंगेत सोडलं. म्हणजे आता बारा वर्षं. मी ब्याऐंशीचा होईन. हा कायदा अशास्त्रीय आहे असं तिला समजावू लागलो. ती उठून आत गेली. हल्ली स्वयंपाक करताना दोनदा मीठ चाखते, तरी मला विचारते बरोबर पडलंय ना. खरं सांगायचं ते जामाईषष्ठीनंतर. सणाच्या तोंडावर घरात वाद नको.

११ जून
बाजारातून कासुंदीची बाटली आणली. ननीगोपालला दिसू नये म्हणून छत्रीत घालून.

१२ जून, जामाईषष्ठी
अर्घ्यने पानावर बसताच विचारलं, "आई, तुमची कासुंदी कुठाय? दुसरीकडची माझ्या नाकात जाते. तुमचीच काय ती मला खाता येते, म्हणून यंदा सॉससुद्धा नको म्हटलं."

मंजुलिका म्हणाली, यंदा बिघडली. माझा हात चुकला.

इथे बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. मग घाईघाईने बाटलीतली वाढून घेतली, भाताशी कालवली, घास घेतला. नुसतं व्हिनेगर. पण तिचं मन हलकं व्हावं म्हणून मोठ्याने म्हणालो, "छान आहे."

तिचा वाढता हात थांबला.

"इतकी वर्षं माझी खाल्लीत," ती म्हणाली, "हा शब्द मला कधी ऐकायला मिळाला नाही."

आवाज चढलेला नव्हता. तिने बाटली माझ्या पानाजवळ सरकवली आणि अर्घ्यला मासा वाढायला गेली. मी आणखी थोडी घेतली.