भुशाची यादिरा

आई,

सणाला ये म्हणून तुझे सहा निरोप आले. वर्षाच्या शेवटी घरच्यांवर कसला राग, असं विचारतेस. तर ऐक.

गेल्या एकतीस डिसेंबरला जाळायच्या पुतळ्यावर क्लेवरदादाने माझेच कपडे चढवले. नवरा सोडून आलेली ना मी! भुसा भरलेल्या छातीवर पाटी लावली, 'हिला कुणीतरी परत न्या हो.' मीही हसले. आपल्या आंबातोत सरत्या वर्षाचा पुतळा जाळण्याआधी सगळेच बडवतात.

मग तू फ्रेडीला आत बोलावलंस. ज्याला मी सोडलं, त्यालाच, मला न विचारता. त्याने कमरेचा पट्टा काढून हाताला दोन वेढे दिले आणि बक्कल मोकळं ठेवलं. माझी पाठ तिथल्या तिथे आखडली. पुतळा फाटला, भुसा माझ्या पायांवर सांडला आणि अख्खं घर ओरडत होतं, "आणखी एक! आणखी एक!" त्याने पट्टा पुतळ्याच्या तोंडावर उगारला, तेव्हा तू हसत म्हणालीस, "तोंडावर नको रे बाबा, लोकांना दिसतं."

म्हणजे तुला माहीत होतं. लग्नाची सातही वर्षं.

मी येणार नाही. यंदा माझा पुतळा मीच केलाय. तू शिवलेला लग्नाचा झगा त्याला घातलाय आणि हे पत्र त्याच्या पोटात कोंबतेय. त्याला मारणार कुणी नाही. काडी मात्र तोंडालाच लावीन. दिसू दे लोकांना.

जिन्यावरून कधीच न पडलेली,
यादिरा