मागेल ते

१२ जून
निधीचं वजन बघून डॉक्टर हसले नाहीत. तीन वर्षांपूर्वी हिचं वजन पाव किलोनं वाढलं तर आमी वॉर्डात पेढे वाटले होते! आता रक्ताचा कॅन्सर गेला, केस आले, आणि नऊ वर्षांच्या पोरीला जिना चढताना धाप लागायलीय. थोडा औषधांचा परिणाम, बाकी वेफर्स, आइस्क्रीम, टोस्ट. तेव्हा एक घास पोटात जावा म्हणून मागेल ते दिलं. आजार गेला, मागणं राहिलं.

१५ जून
दवाखान्यात पालकांचा वर्ग झाला. आहारतज्ज्ञ बाई लय तरुण. घरात सगळ्यांनी एकच जेवण जेवा म्हणाल्या, सोबत बसा, खायच्या वस्तूंचं बक्षीस देऊ नका. मी नुसती मान डोलावत होते — दरवर्षी पाचवीच्या पोरांना संतुलित आहार मीच शिकवते! निधी वर्गात शहाण्यासारखी बसली म्हणून बाहेर आल्या आल्या ह्यांनी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

१६ जून
मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, काकडी. निधीनं चार घास खाल्ले. ह्यांनी दोन.

२० जून
मामंजींनी नियम ऐकून घेतले. संध्याकाळी मारुतीला गेले ते बुंदीचा लाडू घेऊनच आले. प्रसादाला नाही म्हणू नये म्हणे. त्या देवळात फुटाण्यांशिवाय काही मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक. मारुतीनं अलीकडं हात सैल सोडलेला दिसतो.
लाडू मीच खाल्ला. घरात ठेवणं बरं नाही म्हणून.

२८ जून
एक नवल. शाळेतून आली की निधी रोज वेफर्स मागते. मी नाही म्हणते. पोरगी रडत नाही, पाय आपटत नाही, उलट गुणगुणत खेळायला जाते. मी पाठ करून ठेवलेलं भाषण तसंच राहतं. हे म्हणाले, तुझी शिकवण लागू पडली. मलाही तसंच वाटायलंय. शेजारच्या रोहिणीताईंना सांगूनसुद्धा टाकलं.

५ जुलै
वजन वाढलं नाही, धाप कमी झाली. पालकांच्या पुढच्या वर्गात आहारतज्ज्ञ बाईंनी मला अनुभव सांगायला बोलावलंय. साडी कोणती नेसावी?

९ जुलै
निधीला ताप. रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट उद्या. ताप म्हटलं की या घरात सगळ्यांना तो वॉर्डच आठवतो. हे वेफर्सचे पुडे घेऊन आले, मामंजी लाडू. बाजूला सारायला पाहिजे होतं, पण मीच पुडा फोडून तिच्यापुढं धरला. "आज काय पाहिजे ते खा गं."
निधीनं पुड्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

१० जुलै
रिपोर्ट चांगला. साधा ताप. निधीला सांगितलं तर तिला खरं वाटेना. मांडीवर घेतलं तेव्हा बोलली. वॉर्डात शेजारच्या खाटेवर मल्हार होता. त्याला आधी सगळ्याला नाही म्हणायचे, मग एक दिवस मागेल ते द्यायला लागले.
"मग तो मेला, आई. म्हणून मी रोज मागून बघते. तू नाही म्हणलीस की कळतं, मी बरी झाले."
मग तिनं हळूच वेफर्स मागितले.
नाही म्हणले.