जयमालाचे हार्मोन्स आणि माझं भाषण

१ मार्च, रविवार. सकाळी ७.
सोसायटीचा सेक्रेटरी दिनानाथ लिफ्टमध्ये भेटला. महिला दिनाला 'स्त्रियांचे हार्मोन्स' यावर मीच बोलायचं. योग्य निवड. केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलीत. (स्टोअर्समध्ये. पण कोण विचारतो?) शिवाय घरात जिवंत उदाहरण. जयमालाची पाळी जाऊन तीन वर्षं झाली, अजून फुल पंख्याखाली घामाघूम. आजपासून तिच्या मूडचं रजिस्टर. स्वतःसाठी संकल्प: रोज चालणं, वडापाव बंद.

२ मार्च. सकाळी ८.१०.
जयमाला चिडली. कारण: हार्मोन्स. (ओला टॉवेल गादीवर होता, पण ते निमित्त.)
चालायला गेलो नाही. पोटरीत गोळा.

३ मार्च. दुपार.
जयमाला रडली. मोरा गावी बहिणीकडे जायचंय, तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. म्हटलं, आठ तारखेनंतर बघू, रजिस्टरमध्ये खंड नको. म्हणाली, दिवाळीपासून 'नंतर बघू'च ऐकतेय. कारण: हार्मोन्स.
मी शांत. तीनदा गॅलरीत गेलो, चारदा फ्रिज उघडला. काही नको होतं.

४ मार्च.
लॅबवाला घरी आला. दोघांचं रक्त दिलं. आयडिया जबरदस्त आहे: रिपोर्टची पाकिटं स्टेजवरच फोडायची. पुरुष आणि स्त्री, लाइव्ह तुलना! जयमालाने बजावलं, माझा रिपोर्ट चारचौघांत वाचायचा नाही. म्हटलं, नाव घेणार नाही. दार आपटून आत गेली. कारण लिहायलाच नको.

६ मार्च. संध्याकाळ.
अभ्यास. अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणजे बायकांचं खातं. पुढे 'पुरुषांमध्ये' असा मोठा भाग होता, तो सोडला. विषय स्त्रियांचा आहे.
बसवेना. खाली जाऊन आलो. वडापाव एकच. दुसरा दिनानाथने आग्रह केला म्हणून.
सिरीयलमध्ये मुलीची पाठवणी चालू होती, डोळे भरून आले. खिडकीतून येणारी पाम बीच रोडची धूळ.

८ मार्च. संध्याकाळी ७.४०.
हॉल भरलेला. सुरुवात झकास. 'माझ्या परिचयातल्या एक बाई' म्हणालो आणि नेमकं जयमालाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. पाकिटं फोडली. इस्ट्रोजेन: स्त्री ९, पुरुष ३८.
ताबडतोब जाहीर केलं, लॅबने पाकिटं बदलली. तर बी विंगच्या डॉ. प्राची उठल्या. म्हणे काका, रिपोर्ट बरोबर आहेत. बायकांमध्ये अरोमाटेज मुख्यतः अंडाशयात काम करतं. पाळी गेली की तिथला कारखाना बंद. पुरुषांमध्ये चरबीत वगैरे चालूच राहतो, म्हणून या वयात नवऱ्याचं इस्ट्रोजेन बायकोपेक्षा जास्त निघतं. आणि तुमचा कारखाना जरा मोठाच आहे.
सगळा हॉल हसला. जयमाला नाही हसली. उठून निघून गेली.
बोलताना पोट आत घ्यायला हवं होतं.

९ मार्च. सकाळी ९.२०.
जयमाला बॅग भरून उभी. मोऱ्याला चालली. परत कधी, विचारलं. उत्तराऐवजी रजिस्टर मागितलं. उभ्या उभ्या पानन् पान वाचलं. एकवीस नोंदी, कारण एकच. मिटून माझ्या हातात दिलं.
म्हटलं, मी येऊ का सोबत? म्हणाली, नंतर बघू.
आणि दारातच मला रडू फुटलं. धूळ म्हणायची सोय नव्हती, खिडक्या बंद होत्या. जाऊ नको म्हणायचं होतं, टॉवेलचं म्हणायचं होतं, कालचंही.
तिने माझ्याकडे बघितलं. शांतपणे.
म्हणाली, हार्मोन्स असतील.
आणि लिफ्टचं बटण दाबलं.